स्कॉटलंड्सपीपल : धुळ्यात बसून चाळलेले स्कॉटलंडचे दप्तर

‘स्कॉटलंड्सपीपल’ या सशुल्क सेवेला मी पाचपैकी चार गुण देतो, आणि स्कॉटलंडमधून बाहेर पडलेल्या एखाद्या कुटुंबाचा कागदोपत्री माग ज्यांना काढायचा आहे त्यांनी इतरत्र पैसे घालवण्याआधी येथे यावे, असे माझे स्पष्ट मत आहे. नॅशनल रेकॉर्ड्स ऑफ स्कॉटलंड हे तेथील सरकारी अभिलेख खाते ही सेवा चालवते. जन्म, विवाह, मृत्यू, जनगणना, चर्चची जुनी पुस्तके, मृत्युपत्रे आणि मालमत्ता आकारणीच्या याद्या यांच्या मूळ पानांची छायाचित्रे तेथे पाहायला मिळतात. भूमी अभिलेख खात्यात सारी नोकरी काढलेल्या माणसाला मूळ आणि नक्कल यांतला फरक निराळा सांगावा लागत नाही. नक्कल करणाऱ्याने एक मात्रा खाल्ली की नाव बदलते, आणि नाव बदलले की वारस बदलतो. म्हणून दुसऱ्याने वाचून टंकलेली यादी दाखवणाऱ्या दहा संकेतस्थळांपेक्षा मूळ पान दाखवणारे एक मला अधिक मोलाचे वाटते.

हे काम माझ्याकडे आले त्याचे कारण घरगुती आहे. आमची कन्या लग्नानंतर न्यूझीलंडच्या ओटागो भागात स्थायिक झाली असून तिच्या सासरचे घराणे पिढ्यान्‌पिढ्या तेथे शेती आणि मेंढपाळी करत आले आहे. मूळ पुरुष स्कॉटलंडहून आला एवढे सर्वांना ठाऊक. पण कोठून, कधी आणि कोणत्या परिस्थितीत, यावर घरातल्या चार माणसांची चार मते. व्याह्यांच्या पंच्याहत्तरीला त्यांना वंशावळ भेट द्यावी असे कन्येच्या मनात आले आणि ‘बाबा, तुम्ही आयुष्यभर हेच तर केलेत’ असे म्हणून तिने ते काम धुळ्याला पाठवून दिले. घराण्याचे आडनाव आणि व्यक्तींची नावे मी येथे देत नाही. परीक्षणासाठी त्यांची गरजही नाही.

आधी पैशांचे सांगतो. नाव नोंदवणे मोफत आहे आणि सूचीत शोधणेही मोफत आहे. मूळ पान उघडायचे तर ‘क्रेडिट’ विकत घ्यावे लागतात. तीस क्रेडिटांना साडेसात पौंड, म्हणजे एका क्रेडिटला २५ पेन्स पडतात. जन्म, विवाह, मृत्यू किंवा जनगणना यांचे एक पान ६ क्रेडिटांना, म्हणजे दीड पौंडाला मिळते. मृत्युपत्र १० क्रेडिटांना आणि आकारणी यादीचे पान २ क्रेडिटांना आहे. वार्षिक वर्गणी नाही, आणि एकदा पैसे देऊन उघडलेले पान आपल्या खात्यात साठवून राहते, ते पुन्हा पाहायला काही लागत नाही. दीड पौंड म्हणजे आपले दीडशेच्या वरच रुपये होतात, तेव्हा ही सेवा स्वस्त आहे असे मी म्हणणार नाही. मात्र पानागणिक पैसे मोजावे लागल्याने माणूस विचार करून पान उघडतो, हा त्यातला फायदा आहे. याउलट एका व्यापारी संकेतस्थळाने कन्येला मोफत चाचणीचे आमिष दाखवले, चाचणी संपताच कार्डावरून सहा महिन्यांची वर्गणी कापून घेतली आणि हाती दिल्या त्या बहुतांशी दुसऱ्या हौशी लोकांनी जुळवलेल्या वंशावळी.

स्कॉटलंडच्या नोंदी शोधायच्या तर सुरुवात स्कॉटलंडमध्ये करू नये. एकाच नावाची आणि एकाच वयाची माणसे तेथे एकेका परगण्यात डझनाने सापडतात, आणि आपला माणूस त्यांतला कोणता हे तेथील सूची सांगू शकत नाही. जेथे तो शेवटी राहिला आणि मेला तेथून मागे यावे. न्यूझीलंडमध्ये १८७६ पासून मृत्यूच्या नोंदीत मृताच्या आईवडिलांची नावे, आईचे माहेरचे आडनाव, जन्मस्थान, वसाहतीत येऊन झालेली वर्षे, लग्न कोठे, कितव्या वर्षी आणि कोणाशी झाले, हयात मुलांची वये किती, एवढे सगळे लिहून घेण्याची पद्धत सुरू झाली. आमच्या मूळ पुरुषाचा मृत्यू १९११ मधला. त्या एका ओळीतून कळले की जन्म फॉरफरशायरचा, म्हणजे आजच्या अँगसचा. लग्न तेथेच झालेले. आणि ओटागोत येऊन ३७ वर्षे झालेली. म्हणजे येण्याचे साल १८७४ निघाले. घरातली ठाम समजूत अशी होती की पूर्वज १८४८ मध्ये ‘फिलिप लेंग’ या जहाजाने आले. ओटागोत स्कॉटिश फ्री चर्चच्या लोकांची जी वसाहत झाली तिची पहिली दोन जहाजे ‘जॉन विकलिफ’ आणि ‘फिलिप लेंग’; पहिले २३ मार्च १८४८ रोजी आणि दुसरे १५ एप्रिल रोजी पोहोचले. पहिल्या जहाजाने आलो असे सांगणाऱ्या सगळ्यांना खरोखरच त्यात बसवले असते तर ते जहाज बंदर सोडण्याआधीच बुडाले असते.

लग्नाची नोंद हा माझ्या मते या सेवेतला सर्वांत भरीव कागद आहे. स्कॉटलंडमध्ये जन्म, विवाह आणि मृत्यू यांची सक्तीची सरकारी नोंदणी १ जानेवारी १८५५ पासून सुरू झाली. तेथील विवाह नोंदीत वर आणि वधू या दोघांचे वय, व्यवसाय आणि राहण्याचे ठिकाण तर असतेच, पण दोघांच्याही आईवडिलांची नावे, वडिलांचा व्यवसाय आणि दोन्ही आयांची माहेरची आडनावेही असतात. पालक वारलेला असेल तर तसे लिहिलेले असते. मृत्यूच्या नोंदीतही आईचे माहेरचे नाव येते. एक पान उघडले की चार घराणी हाती लागतात. पहिले वर्ष, १८५५, तर नोंदणी करणाऱ्यांनी इतके तपशील मागितले की कारकून थकले असावेत. आईवडिलांची वये आणि जन्मस्थाने, आधीच्या मुलांची संख्या, त्यांत जिवंत किती आणि मृत किती, असे सर्व त्या वर्षीच्या जन्मनोंदीत आहे. पुढच्याच वर्षी ते रकाने कमी केले, आणि आईवडिलांच्या लग्नाची तारीख व ठिकाण १८६१ पासून पुन्हा लिहू लागले. ज्यांच्या घराण्यात १८५५ मध्ये कोणी जन्मले असेल त्यांनी ते पान आधी घ्यावे, मग तो माणूस थेट वंशातला असो की चुलत घरातला.

आमच्या मूळ पुरुषाचे लग्न १८६८ मधले. तो शेतावर घोड्यांचा नांगर हाकणारा गडी, ती शेतावरच घरकाम करणारी नोकर, आणि लग्न लागले वधूच्या वडिलांच्या घरी. तेथे त्या काळी लग्ने चर्चपेक्षा घरीच अधिक लागत. येथवर सारे सरळ होते. पण १८७४ च्या आगबोटीच्या यादीत त्यांचा थोरला मुलगा आठ वर्षांचा दाखवलेला, म्हणजे जन्म १८६६ चा, आणि त्याची जन्मनोंद बापाच्या आडनावाने काही केल्या सापडेना. अशा वेळी शोधाची अक्षरे सैल करून फारसा उपयोग होत नाही. मिळत्याजुळत्या उच्चाराची नावे किंवा तारांकन घालून अर्धे नाव शोधण्याची सोय या संकेतस्थळावर आहे आणि ‘मॅक’ने सुरू होणाऱ्या आडनावांना ती फार कामी येते, पण येथे प्रश्न अक्षरांचा नव्हता. मुलगा आईच्या आडनावाने नोंदलेला होता.

ते पान मी पुष्कळ वेळ पाहिले. मुलाच्या नावाखाली ‘अनौरस’ असा शेरा. तारीख, आणि तारखेपुढे जन्माची वेळ तास आणि मिनिटांसह. स्कॉटलंडमध्ये प्रत्येक जन्माची वेळ लिहितात. (हे कळताच आमच्या घरात पत्रिका मांडण्याची भाषा सुरू झाली, ती हौस मी पुरवली नाही.) बापाच्या रकान्यात काहीच नाही. माहिती देणारी म्हणून आईची खूण, कारण तिला सही येत नव्हती, आणि त्यापुढे प्रसूतीच्या ठिकाणी हजर होती की नाही याचा उल्लेख. आणि डाव्या समासात, वेगळ्या शाईने, वेगळ्या हाताने, दुसऱ्या एका पुस्तकाचा पान क्रमांक आणि तारीख. सातबाऱ्यावर वर्तुळात फेरफार क्रमांक दिसला की ज्याचा हात आपोआप फेरफार नोंदवहीकडे जातो, त्याला ही समासातली ओळ काय सांगते हे विचारावे लागत नाही. स्कॉटलंडमध्ये मूळ नोंद खोडून बदलत नाहीत. दुरुस्त्यांचे स्वतंत्र पुस्तक असते आणि समासात त्याचा हवाला देतात. त्या पुस्तकाचे पानही याच संकेतस्थळावर मिळते. आमच्या बाबतीत त्यात ‘शेरीफ’ या तेथील स्थानिक न्यायालयाच्या १८६७ च्या निकालाची नोंद निघाली : आईने पितृत्वाचा दावा लावला होता आणि न्यायालयाने एका नांगऱ्याला मुलाचा बाप ठरवले होते. पुढच्याच वर्षी तिने लग्न केले ते याच माणसाशी.

हीच हकीकत दुसऱ्या बाजूने चर्चच्या दप्तरात सापडते. प्रत्येक पॅरिशच्या, म्हणजे एका चर्चच्या हद्दीतील वस्तीच्या, चर्चची ‘कर्क सेशन’ ही वडीलधाऱ्यांची सभा असे, आणि लग्नाआधीचे संबंध, दारू, रविवारचे काम, शेजाऱ्यांची भांडणे अशा प्रकरणांची ती चौकशी करून कार्यवृत्त ठेवी. त्या वह्या २०२१ पासून या संकेतस्थळावर मोफत चाळता येतात. नावांची सूची नाही, त्यामुळे पॅरिश आणि तारीख ठाऊक असेल तरच त्यांत शिरावे. आम्हाला दोन्ही ठाऊक होते. बाई सभेपुढे आली, तिने दोष कबूल केला, बापाचे नाव सांगितले, तिला समज देण्यात आली आणि चर्चचे हक्क परत मिळाले, असे चार-पाच ओळींत कोरडेपणाने लिहिलेले आहे. मूल वाढवण्याचा खर्च कोणाच्या अंगावर पडायचा हाही प्रश्न अशा चौकशांमागे असे. ज्यांच्या घराण्यात अनौरस जन्म आहे त्यांच्यासाठी ही मोफत दप्तरे पैसे देऊन उघडलेल्या पानांइतकीच मोलाची आहेत.

हे व्याह्यांना सांगावे की नाही, यावर आमच्याकडे बरीच चर्चा झाली. पंच्याहत्तरीच्या भेटीत पणजोबांच्या जन्माचा असा कागद ठेवणे आपल्या रीतीत बसत नाही, असे माझ्या पत्नीचे मत होते. कागद लपवणे माझ्या नोकरीत कधी बसले नाही, असे माझे. शेवटी कन्येने मध्यम मार्ग काढून आधी कायद्याची बाजू सांगितली. स्कॉटलंडच्या तेव्हाच्या कायद्याप्रमाणे आईवडिलांनी नंतर एकमेकांशी लग्न केले की आधीचे मूल औरस ठरे. इंग्लंडमध्ये ही सवलत १९२६ पर्यंत नव्हती. म्हणजे १८६८ पासून तो मुलगा कायद्याने औरसच होता. व्याह्यांनी सगळे शांतपणे वाचले आणि पहिला प्रश्न विचारला तो असा, की न्यायालयात जायला त्या नोकर मुलीकडे पैसे आले कोठून. त्याचे उत्तर या सेवेत नाही.

जनगणनेकडे वळतो. स्कॉटलंडच्या १८४१ पासून १९२१ पर्यंतच्या दर दहा वर्षांच्या जनगणनांची पाने येथे आहेत. यांतली १८४१ ची नेहमी जपून वापरावी. तिच्यात पंधरा वर्षांवरील माणसांची वये पाचच्या पटीत खाली उतरवून लिहिण्याची सूचना होती, कुटुंबातील नाते लिहिलेले नाही, आणि जन्म त्याच परगण्यातला आहे की नाही एवढेच सांगितलेले असते. खरी उपयोगी माहिती १८५१ पासून मिळते, कारण तेव्हापासून कुटुंबप्रमुखाशी नाते आणि जन्माचे पॅरिश लिहू लागले. आमच्या मूळ पुरुषाच्या वडिलांचे कुटुंब १८५१ मध्ये किरीम्यूरजवळच्या एका शेतावरील झोपडीत सापडले आणि पाच मुलांपैकी चौघांचे जन्म चार निरनिराळ्या पॅरिशमधले निघाले. कन्येला वाटले की हे पान दुसऱ्याच कुटुंबाचे असावे. खानदेशातल्या माणसाला तसे वाटायचे कारण नाही. आपल्याकडे आखाजीला सालदाराचे साल संपते आणि नवे ठरते, पटले नाही तर तो बिऱ्हाड उचलून दुसऱ्या गावच्या मालकाकडे जातो. स्कॉटलंडमध्ये हेच मे महिन्यातील व्हिटसन आणि नोव्हेंबरमधील मार्टिनमास या दोन मुदतींना होई. अविवाहित गडी सहा महिन्यांच्या आणि विवाहित गडी वर्षाच्या बोलीवर राहत, त्यासाठी गावोगाव बाजार भरत, आणि मालक बदलला की मालकाने दिलेले घरही सुटे. म्हणून शेतगड्यांच्या कुटुंबात प्रत्येक मुलाचे पॅरिश वेगळे असणे हा संशयाचा नव्हे, तर उलट ओळख पटवणारा पुरावा आहे.

आमचा मूळ पुरुष १८६१ च्या जनगणनेत वडिलांच्या घरी नाही. तो एका मोठ्या शेतावरच्या ‘बॉथी’त, म्हणजे अविवाहित गड्यांच्या सामाईक निवाऱ्यात, त्याच वयाच्या आणखी तिघांबरोबर दाखवलेला आहे. त्या वर्षीपासून स्कॉटिश जनगणनेत एक रकाना असा आहे की घरात खिडकी असलेल्या खोल्या किती. बॉथीपुढे आकडा आहे १. शेतावरच्या चार जवान माणसांसाठी खिडकीची एक खोली. पुढे हा माणूस सहकुटुंब जगाच्या दुसऱ्या टोकाला का गेला याची कारणे मोठमोठ्या घटनांत शोधण्याआधी तो एकचा आकडा पाहावा, असे मला वाटते.

मोठ्या घटनेचा विषय निघालाच म्हणून सांगतो. घराण्यात दुसरी समजूत अशी होती की पूर्वजांना जमीनदाराने घर जाळून हुसकावले. स्कॉटलंडच्या हायलँड भागात असे घडले, हे खरे आहे. सदरलँडमधील स्ट्रॅथनेव्हर खोऱ्यातून १८१४ मध्ये कुळे काढली गेली आणि त्या प्रकरणात पॅट्रिक सेलर या कारभाऱ्यावर १८१६ मध्ये खटला चालून तो निर्दोष सुटला. पण ते ठिकाण आणि तो काळ आमच्या कुटुंबाचा नव्हे. फॉरफरशायरच्या सखल भागातले हे गडी; त्यांच्याकडे काढून घेण्यासारखी जमीनच नव्हती. स्कॉटलंडमध्ये शेत बहुधा एकोणीस वर्षांच्या पट्ट्याने मिळे आणि पट्टा घ्यायला घोडे, अवजारे व बियाणे यांचे भांडवल लागे. नांगऱ्याच्या मजुरीतून ते साठणे अवघड होते. तिकडे न्यूझीलंड सरकारने शेतमजूर आणि घरकाम करणाऱ्या मुली हव्यात म्हणून १८७३ पासून मोफत प्रवास देऊ केला, आणि अशा स्थलांतरितांचा सर्वांत मोठा लोंढा आला तो १८७४ मध्ये. आमचे कुटुंब त्या लोंढ्यातले. हुसकावलेल्यांची गोष्ट ऐकायला अधिक चांगली वाटते, आणि घराण्याच्या चौकडीचे कापड व कुलचिन्हे विकणाऱ्यांना तर ती फारच सोयीची आहे, पण कागद तिच्या बाजूने बोलत नाहीत.

शेतकरी कुटुंब म्हटले की माझ्यासारखा माणूस माणसांआधी जमीन शोधतो, आणि या सेवेची मर्यादा येथे लक्षात येते. जमिनीच्या मालकीची नोंद स्कॉटलंडमध्ये १६१७ पासून ‘सेसीन’ नोंदवहीत होऊ लागली. पण तिच्यात मालक येतात, कुळे येत नाहीत, आणि तेथील बहुसंख्य शेतकरी कुळे होते. कुळांसाठी पाहावी ती १८५५ पासूनची वार्षिक आकारणी यादी : प्रत्येक मिळकतीचा मालक, पट्टेदार, प्रत्यक्ष राहणारा आणि वार्षिक भाडे. मात्र चार पौंडांपेक्षा कमी भाड्याच्या राहणाऱ्याचे नाव घालणे बंधनकारक नव्हते, आणि गड्याची झोपडी तर शेताच्या भाड्यातच धरलेली. त्यामुळे आमच्या नांगऱ्याचे नाव त्या यादीत नाही. मिळाले ते त्याच्या मालकाचे आणि मालकाच्या जमीनदाराचे. दोन क्रेडिटांत तेवढे वाईट नाही.

जमिनीची उरलेली तहान नॅशनल लायब्ररी ऑफ स्कॉटलंडच्या नकाशांनी भागवली, आणि ते संपूर्ण मोफत आहेत. मैलाला सहा इंच प्रमाणावर काढलेल्या, ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटनच्या सरकारी मोजणी खात्याच्या जुन्या नकाशावर प्रत्येक शेतवाडीचे नाव, बांध, विहीर, झाडांची रांग दिसते, आणि तो नकाशा आजच्या उपग्रह चित्रावर ठेवून हळूहळू विरळ करता येतो. जन्मनोंदीत पत्ता म्हणून जे शेताचे नाव लिहिले होते ते मी नकाशावर शोधले. वाडा, गड्यांच्या झोपड्यांची रांग आणि मळणीचे गोलाकार घर सगळे जागच्या जागी होते. टिपणावरून हद्दी कायम करण्यात ज्यांची उमेद गेली त्यांच्यासाठी हे संकेतस्थळ धोकादायक आहे. जेवायची हाक ऐकू येत नाही.

स्थलांतराचा प्रत्यक्ष पुरावा मात्र स्कॉटलंडमध्ये शोधू नये. ब्रिटनमधून बाहेर जाणाऱ्या प्रवाशांच्या याद्या १८९० पासूनच्याच जपलेल्या आहेत. १८७४ ची यादी पोहोचलेल्या देशात राहिली, आणि ती फॅमिलीसर्च या मोफत संकेतस्थळावर पाहता येते. नाव, वय, व्यवसाय आणि मूळ परगणा तिच्यात आहेत. पुढच्या आयुष्यासाठी न्यूझीलंडची जनगणना कामाची नाही, कारण तेथे घरोघरच्या जुन्या पत्रकांचा नाश करण्यात आला. ती उणीव तेथील राष्ट्रीय ग्रंथालयाच्या ‘पेपर्स पास्ट’ने भरून काढली आहे. जुनी वर्तमानपत्रे शब्दाशब्दाने शोधता येतात आणि पैसा लागत नाही. ओटागोतल्या वर्तमानपत्रांत नांगरणीच्या शर्यतींचे निकाल सविस्तर छापून येत, आणि अशाच एका निकालात आमचा बॉथीतला गडी दुसऱ्या क्रमांकावर आहे. पुढे १८८२ च्या जमीनधारकांच्या सरकारी यादीत, जी १८८४ मध्ये छापली गेली, तो स्वतःच्या नावे शंभर एकरांहून थोड्या अधिक जमिनीचा मालक आहे; यादीत क्षेत्राशेजारी किंमतही दिलेली आहे. स्कॉटलंडच्या आकारणी यादीत ज्याला रकाना नव्हता त्याला आठ वर्षांत खातेदाराचा रकाना मिळाला. व्याह्यांना सर्वांत जास्त आवडलेले पान हेच; न्यायालयाच्या निकालापेक्षाही.

सन १८५५ च्या मागे जाणाऱ्यांनी अपेक्षा आवरत्या घ्याव्यात. तेथून मागे चर्च ऑफ स्कॉटलंडची जुनी पॅरिश पुस्तके आहेत. सर्वांत जुने पर्थशायरमधील एरलचे, १५५३ पासूनचे. पण ती सलग नाहीत. बाप्तिस्मा आणि विवाह बरे सापडतात, दफने फार कमी. दुसऱ्या पंथाच्या कुटुंबांची नोंद त्यांत नसते, १८४३ मध्ये चर्च फुटून फ्री चर्च निघाल्यावर तर अनेक कुटुंबे त्या पुस्तकांतून बाहेर पडली. आणि १७८३ ते १७९४ या काळात प्रत्येक नोंदीवर तीन पेन्सचा कर होता, तेव्हा गरिबांनी नोंद टाळली तर नवल नाही. आमच्या मूळ पुरुषाचा १८४३ च्या सुमाराचा बाप्तिस्मा मिळाला नाही, आणि तो मिळवण्यासाठी मी आणखी क्रेडिट जाळले नाहीत, कारण आईवडिलांची नावे लग्नाच्या आणि मृत्यूच्या दोन्ही नोंदींत जुळत होती. अशा ठिकाणी मुलांच्या नावांची जुनी स्कॉटिश रीत मदतीला येते : थोरल्या मुलाला वडिलांच्या वडिलांचे नाव, दुसऱ्याला आईच्या वडिलांचे, थोरल्या मुलीला आईच्या आईचे, दुसरीला वडिलांच्या आईचे. आपल्याकडेही नातवात आजोबा परत येतात, त्यामुळे हे पटायला वेळ लागत नाही. पण ही रीत आहे, नियम नव्हे, आणि केवळ तिच्यावर वंशावळीची पिढी बसवू नये.

एक गुण कापला तो सूचीसाठी. जुन्या पॅरिश पुस्तकांच्या सूचीत बाप्तिस्म्यापुढे आईवडिलांची नावे दिसतात, पण १८५५ नंतरच्या सरकारी जन्मनोंदींच्या सूचीत आईचे माहेरचे आडनाव १९२९ पासूनच दिसते. मधल्या चौऱ्याहत्तर वर्षांत एकाच पॅरिशमध्ये एकाच नावाची तीन मुले असतील तर आपली कोणती हे ठरवायला तिन्ही पाने विकत घ्यावी लागतात. जनतेच्या पैशाने जपलेल्या दप्तराला शुल्क लावण्यास माझा विरोध नाही, नकलेची फी आपणही घेतोच. पण चुकीचे पान टाळण्याइतकी माहिती सूचीत असावी. यावर उपाय म्हणून फॅमिलीसर्चच्या मोफत सूचीत आईवडिलांची नावे आधी पाहून घ्यावीत आणि मग इकडे पान उघडावे.

दुसऱ्यांनी जुळवलेल्या वंशावळींवर मात्र अजिबात विसंबू नये. एका व्यापारी संकेतस्थळावर आमच्या मूळ पुरुषाला त्याच नावाच्या, शेजारच्या पॅरिशमध्ये जन्मलेल्या माणसाशी जोडलेले होते आणि ती जोडणी अनेकांनी एकमेकांकडून उचलली होती. त्या दुसऱ्या माणसाची मृत्यूची नोंद सहा क्रेडिटांत उघडली; तो १८९० नंतर स्कॉटलंडमध्येच, अविवाहित वारला होता. नाकारण्यासाठी घेतलेले पान वाया गेले असे कोणी समजू नये. वारस चौकशीत खोटा वारस वगळणे हे खरा शोधण्याइतकेच मोठे काम असते.

खानदेशातून ही सेवा वापरताना कोणतीही विशेष अडचण येत नाही. परदेशी व्यवहारासाठी कार्ड सुरू करून घ्यावे लागते. पाने मोबाइलवर वाचण्याच्या फंदात पडू नये. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची वळणदार इंग्रजी अक्षरे मोठ्या पडद्यावरच सुटी होतात, आणि मोडी वाचण्याची सवय असणाऱ्याला तर ती दोन दिवसांत येतात. गोपनीयतेसाठी शंभर वर्षांच्या आतील जन्म, पंच्याहत्तर वर्षांच्या आतील विवाह आणि पन्नास वर्षांच्या आतील मृत्यू यांची पाने ऑनलाइन दाखवत नाहीत. साध्या शेतकरी कुटुंबासाठी दोन मृत्यू, एक विवाह, एक जन्म आणि दोन जनगणना एवढी पाने पुरेशी व्हावीत. त्यांचे ३६ क्रेडिट, म्हणजे नऊ पौंड होतात. पाहिलेले पान हा कायदेशीर पुरावा धरला जात नाही. नागरिकत्वाच्या किंवा वारसाच्या कामासाठी कागद हवा असेल तर त्याच संकेतस्थळावरून प्रमाणित उतारा टपालाने मागवावा. त्याचे शुल्क वेगळे आणि बरेच जास्त आहे.